पाचगावच्या लढाईत बार काढणारी

नागपूरच्या गादीवरून भावाभावांत झालेली यादवी कुठल्या मैदानात संपली, हे आमच्या भिलाईच्या सेक्टरातल्या मराठी पोरांना शाळेत शिकवावं लागलं नाही. ती लढाई आम्ही दर गणपतीत डोळ्यांनी बघायचो. नागपुराहून उमरेडला जाताना पाचगाव लागतं, तिथली ती लढाई. थोरल्या राजाला मूल नव्हतं. त्यानं एका भावाचा मुलगा दत्तक घेतला, पण राजा गेल्यावर दुसरा भाऊ म्हणाला कारभार माझाच. मग काही वर्षं सख्खे, सावत्र, चुलत, मेहुणे सगळेच एकमेकांवर तलवारी घेऊन धावत होते. शेवटी पाचगावला एका भावाची फौज पांगली आणि तो हत्तीवर एकटा सापडला. दुसरा भाऊ जिंकल्यातच जमा होता. त्यानं आपला हत्ती पुढे घातला आणि जवळ जाऊन म्हणाला, शस्त्र ठेव. तेवढ्यात हरणाऱ्यानं पिस्तूल काढून गोळी झाडली. जिंकणारा मेला, हरणारा जिंकला, आणि यादवी संपली.

लहानपणापासून मला ह्या गोष्टीतून एकच धडा मिळाला होता. शत्रूच्या फार जवळ जाऊन बोलू नये.

नाटक आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी लिहिलं होतं. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, मोठे अधिकारी होते, त्यांचा बंगला होता, आणि सगळे त्यांना साहेब म्हणत. मीही साहेबच म्हणेन, कारण त्यांचं नाव घेतलं की माझं तोंड अजून कडू होतं. मूळचे अमरावतीकडचे, पण बोलायचे असं की पुण्याच्या माणसानं मान खाली घालावी. नाटकात अर्थातच पिस्तूल झाडणारा भाऊ तेच. त्या दोघांत खरे कोण थोरले आणि कोण धाकटे हे मला आजही ठाऊक नाही, पण नाटकात साहेबांनी स्वतःला थोरलं करून घेतलं होतं.

आणि मरणारा धाकटा भाऊ माझे बाबा.

आमच्या मंडळात पात्रं ग्रेडप्रमाणे वाटली जात. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण दुसरं काही होऊ शकतं असं कुणाच्या मनातही येत नसे. राजे, सेनापती, कारभारी हे अधिकारी. मरणारे आणि शरण येणारे सगळे क्लार्क. खुर्सीपारच्या वस्तीतून आलेले ठेकेदारीतले मजूर हत्ती ओढत आणि पडदा ओढत. बाबा टाइम ऑफिसात क्लार्क होते. खरं सांगायचं तर अख्ख्या मंडळात अभिनय येणारे ते एकटेच. पण स्टेजवर मेल्याशिवाय त्यांचा अभिनय दिसायचा नाही, म्हणून ते फार सुंदर मरायला शिकले होते. हत्तीच्या पाठीवरून हळूहळू, एक हात हवेत ठेवून, असे घसरत खाली यायचे की बाया डोळ्याला पदर लावायच्या.

हत्ती म्हणजे भाजीवाल्यांचे दोन ठेले. त्यांना गोणपाट गुंडाळायचं, जुन्या साडीत चिंध्या भरून सोंड करायची आणि दोन्ही बाजूंना सुपं बांधायची. सुपासारखे कान म्हणतात ते आमच्या हत्तीला खरोखरच होते. साहेबांच्या हत्तीला नवी सुपं असायची, बाबांच्या हत्तीला आमच्या घरची.

आता मुद्द्यावर येते. त्या वर्षी माझ्या ताईचं लग्न साहेबांच्या पुतण्याशी ठरलं होतं. मुलगा नागपूरला होता, चांगला होता, ताईला आवडलाही होता. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची होती. आईची साखरही वाटून झाली होती. बाबा प्लांटमध्ये साहेबांपुढून जाताना मान जरा कमी वाकवू लागले होते, एवढं मी पाहिलं होतं.

मग संक्रांत आली. साहेबांच्या बंगल्यावर हळदीकुंकू होतं. आई ताईला घेऊन गेली, मीही गेले. साहेबांच्या बाईंनी हळदकुंकू लावलं, मग अत्तर लावायला ताईचा उजवा हात हातात घेतला. मनगटामागे, हाताच्या पाठीवर, बोराएवढा पांढरा डाग होता. दिवाळीत चकल्या तळताना तेल उडालं होतं, त्याचा. बाईंनी अत्तराचा फाया तसाच धरून ठेवला. ताईचा हात त्यांनी ट्यूबलाइटखाली नेला, उलटा केला, सुलटा केला. विचारलं काहीच नाही. अत्तर मात्र डागाला न लागता बाजूला लावलं. मी बाजूलाच उभी होते आणि तिळगूळ खात होते. तो तिळगूळ मला आजही आठवतो आणि अजूनही गिळवत नाही.

आठवडा झाला नाही तोच निरोप आला की पत्रिका पुन्हा बघितली, जुळत नाही.

पत्रिका जुळत नाही एवढंच असतं तर आम्ही रडून गप्प बसलो असतो. पण मागोमाग दुसरी गोष्ट निघाली. पोरीला पांढरं आहे. कोड आहे. घरच्यांनी लपवलं. ही गोष्ट आमच्या सेक्टरातून दुर्गच्या रेल्वे क्वार्टरांत गेली, आणि तिथं पोचलेल्या बातमीला पुढं नागपूरपर्यंत तिकीट लागत नाही. फाल्गुनात एक स्थळ येणार होतं, ते आलं नाही. चैत्रात एक बाई आल्या, बसल्या, चहा घेतला आणि आईला कानात म्हणाल्या, "पोरीचे पायबी दाखवून देजा जरा." आईनं त्यांना हाकललं, पण संध्याकाळी देवापुढे बसून इतकं रडली की निरांजन विझलं तरी तिला कळलं नाही.

ताई रडली नाही. ती अभ्यासाला बसायची तशी त्या डागाकडे बघत बसायची. मी चवताळले होते. मला रोज वेगळं काही करावंसं वाटायचं. साहेबांच्या बागेतले पेरू दगडानं पाडावेत. त्यांच्या स्कूटरच्या टाकीत साखर घालावी. बाईंच्या डोक्यावर अत्तराची कुपी रिकामी करावी. ताई म्हणायची, "गप्प बस. तुले काय करायचं?" मला काय करायचं ते मलाही नीट ठाऊक नव्हतं, पण करायचं होतं.

बाबांनी जे करायला नको होतं तेच केलं. ते बोलायला गेले. एका रविवारी धुतलेला शर्ट घालून, सायकल पुसून, साहेबांच्या बंगल्यावर. मी हट्टानं मागं बसून गेले होते. साहेबांनी आत बोलावलं नाही. वऱ्हांड्यात पायरीखाली उभं राहून बाबांनी सगळं सांगितलं. चकल्या, तेल, फोड, डाग. हवं तर तुमच्याच ओळखीच्या डॉक्टरला दाखवा म्हणाले. माझे बाबा, जे दुकानदारालाही कधी दोनदा विचारत नसत, ते हात जोडून उभे होते.

साहेब वेताच्या खुर्चीत बसून म्हणाले, "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणणार नाही. परंतु लोक काय म्हणतील ह्याचा विचार मला करावा लागतो."

लोक म्हणजे कोण? त्यांचीच बायको. ती आतल्या दाराच्या पडद्याआड उभी होती, तिची पावलं मला दिसत होती.

मग साहेब जरा हसले आणि म्हणाले, "बरं, गणपतीत तुम्ही आहातच ना? तुमच्यासारखं मरणारं दुसरं कुणी नाही."

बाबा म्हणाले, "हो साहेब."

परत येताना बाबा सायकल चालवत नव्हते, हातात धरून चालत होते. मी मागच्या कॅरिअरवर हात ठेवून चालत होते. त्या दोन शब्दांसाठी मला बाबांचा फार राग आला होता. साहेबांचा राग मला आधीपासून होताच, पण त्या दिवशी तो पक्का झाला. मी मनात म्हटलं, हे फेडल्याशिवाय मी राहणार नाही. कसं फेडणार, ते गणपतीनं सुचवावं.

आणि गणपतीनं सुचवलं.

आमच्या नाटकात पिस्तूल लाकडी होतं. आवाज विंगेतून यायचा. लोखंडी दांड्याच्या भोकात गंधक-पोटॅशची पूड भरायची, वर खिळा बसवायचा, आणि साहेबांनी हात वर केला की दांडा फरशीवर आपटायचा. असा बार निघायचा की मंडपातली तान्ही पोरं एकदम रडायला लागत. त्याला आम्ही बार काढणं म्हणायचो. ते काम दरवर्षी करणाऱ्या काकांची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट लागली. शिफ्ट बदलून देणारा कुणी मिळेना. मंडळाच्या बैठकीत विचारणा झाली तेव्हा मी हात वर केला. साहेब म्हणाले, "मुलीच्या जातीला जमेल का?" मी म्हटलं, "आपटायचंच तर आहे." सगळे हसले आणि काम मला मिळालं.

ताईला राणीचं काम होतं, मरणाऱ्या धाकट्या भावाच्या राणीचं. नवरा पडल्यावर ती रणात येते, थोरल्या दिरांच्या पायांवर डोकं ठेवते आणि म्हणते, "आता आपणच आमचे आधार." तिचं हे काम दोन वर्षांपासूनचं होतं, म्हणून काढून घेता येईना. पण तालमीला साहेबांच्या बाई आल्या आणि ताईला बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाल्या, "हात जरा पदराखाली ठेव हं. दिव्यांचा उजेड फार असतो, उगीच लोकांना दिसतं."

ताई "बरं" म्हणाली. मला वाटलं, आमच्या घरात सगळ्यांच्या जिभेला "हो" आणि "बरं" एवढंच येतं.

घरी आल्यावर मी ताईला विचारलं, "तू कावून बरं म्हटलं?"

ती केस विंचरत होती. म्हणाली, "तुले काय वाटते, मले राग नाही येत?"

"मग?"

"मग काही नाही. झोप."

रात्रपाळीवाल्यांना जेवून ड्यूटीवर जाता यावं म्हणून आमची नाटकं दिवेलागणीलाच सुरू होत. त्या दिवशी मंडप गच्च भरला होता. पुढच्या सोफ्यावर प्लांटचे मोठे पाहुणे, शेजारी साहेबांच्या बाई, मागं दुर्गहून आलेली रेल्वेची बिऱ्हाडं, आणि सगळ्यात मागं खुर्सीपारची पोरं बांबूंवर चढून. पहिले दोन अंक साहेब खूप बोलले. तिसऱ्या अंकात हत्ती आले. टाळ्या पडल्या. मी विंगेत दांडा घेऊन बसले होते. पूड भरलेली होती, खिळा बसवलेला होता. मला मजा वाटत होती, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बाबांचा हत्ती पुढे आला. बाबा म्हणाले, "दादा, शस्त्र ठेवा. आपलेच लोक मरून राहिले आहेत. घरी चला."

'मरून राहिले' हे नाटकात नव्हतं. बाबांना पुण्याची मराठी शेवटपर्यंत साधली नाही. साहेबांनी भुवई चढवली आणि पिस्तूल काढलं. "शरण? आणि मी?" असं म्हणून त्यांनी हात वर केला.

मी दांडा मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्यावर ठेवून शांत बसले.

काहीच वाजलं नाही. साहेबांनी पुन्हा हात वर केला. पुन्हा शांतता. मंडपात कुजबुज सुरू झाली. साहेबांनी ओठ न हलवता विंगेकडे म्हटलं, "बार." मी त्यांच्याकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी पिस्तूल झटकलं, जसं काही त्यात खडा अडकला आहे. मागून बांबूवरचं एक पोरगं ओरडलं, "साहेब, फूटत नई हे का?" आणि अख्खा मंडप हसायला लागला. सोफ्यावरचे पाहुणेसुद्धा. साहेबांचा चेहरा मिशीखाली लाल झाला होता. मी जन्मभर ज्याची वाट बघत होते असं मला वाटलं तो क्षण हाच होता, आणि तो मी चाटूनपुसून घेतला.

आता बाबा काय करतील? ते जिवंत होते, हत्तीवर उभे होते, आणि त्यांना मारायला कुणाकडे काही नव्हतं. मला वाटत होतं, बोला आता. सगळे आहेत. वऱ्हांड्यात जे बोललात ते इथं बोला, पण हात न जोडता.

बाबांनी विंगेकडे पाहिलं. मी मांडीवर दांडा घेऊन बसलेली त्यांना दिसले. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांना सगळं कळलं. ते माझ्यावर रागावले नाहीत, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. मग ते साहेबांकडे वळले आणि अगदी घरच्यासारखं, आवाज न चढवता म्हणाले,

"बाराची वाट नका पाहू, दादा. तुमची गोळी मले संक्रांतीलेच लागली. पडायचं तेवढं राहिलं होतं."

आणि पडले. एक हात हवेत ठेवून, हळूहळू, घरच्या सुपाला धक्का न लावता.

हसणं जागच्या जागी थांबलं. संक्रांत म्हटल्याबरोबर बायकांच्या रांगांतून एक सळसळ गेली. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी मान खाली घातली, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना शेजारणीनं तिथंच सांगून टाकलं. सोफ्यावर साहेबांच्या बाई पदर सारखा करत होत्या. मला मात्र बाबांचा संताप आला. एवढं सगळं त्यांच्या हातात दिलं होतं मी, आणि तरी हा माणूस साहेबांसाठी मेलाच.

ताईचा प्रवेश होता. ती आली. हात पदराखाली नव्हते. दोन्ही हात मोकळे सोडून ती दिव्यांच्या उजेडात चालत आली, बाबांजवळ थांबली आणि तशीच उभी राहिली. साहेबांना वाटलं ही वाक्य विसरली. ते हत्तीवरून कुजबुजले, "पाया पड. आता आपणच आमचे आधार."

ताईनं उजवा हात वर केला, हाताची पाठ त्यांच्याकडे करून, आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली,

"साहेब, हा डाग तेलाचा आहे. अन् कोड असतं न, तरी मी तुमच्या पाया पडली नसती."

साहेब पडद्याच्या दोरीकडे बघून ओरडले, "पडदा! पडदा ओढा!" दोरीवर खुर्सीपारचा एक मजूर होता. तो दोरी दोन्ही हातांनी व्यवस्थित धरून उभा होता, आणि अगदी आदरानं म्हणाला, "डोरी अटक गे हे, साहेब."

तेव्हा मी दांडा उचलला आणि सगळी ताकद लावून फरशीवर आपटला.

असा बार त्या मंडपात पूर्वी कधी निघाला नव्हता. साहेब दोन्ही हात कानांवर ठेवून हत्तीच्या सुपामागं खाली बसले. ठेला पुढं सरकला, त्यांचं पागोटं घरंगळत सोफ्यापर्यंत गेलं. खुर्सीपारच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि खाली फरशीवर, डोळे मिटून, मेलेल्या माझ्या बाबांचं पोट गदागदा हलत होतं. संक्रांतीपासून हसले नव्हते ते.

मंडळानं आम्हाला पुढं नाटकात घेतलं नाही, आणि नाटकही पुन्हा झालं नाही. साहेबांनी प्लांटमध्ये बाबांना त्रास द्यायचा तेवढा दिला. बाबांची बदली गेटवरच्या ऑफिसात झाली, जिथं उन्हाळ्यात पंखाही गरम हवा देतो. बाबा तिथंही डबा घेऊन वेळेवर जात राहिले. मला कुणी विचारलं की सूड घेऊन काय मिळालं, तर मी सांगते, साहेबांना सुपामागं बसलेलं बघायला मिळालं. ह्याहून जास्त मला नको होतं.

गोष्ट मात्र मेली नाही, अशा गोष्टी मरत नसतात. पुढं स्थळं यायची तेव्हा त्यांच्या कानावर ती आधीच असायची. पण आता ताई पोह्यांची बशी ठेवायच्या आधी स्वतःच हात पुढं करायची आणि म्हणायची, "हे पाहून घ्या पहिले." जे बघून गप्प राहायचे त्यांना ती पोहे द्यायची. जे म्हणायचे की जरा उजेडात दाखवा, त्यांच्यासमोरची बशी उचलून ती आत घेऊन जायची.

तेव्हा पाहुणे बाबांकडे बघायचे. बाबा उठायचे, जोडे सरळ करून त्यांच्या पायांपुढं ठेवायचे आणि दार उघडून उभे राहायचे.